हिंगणघाटी विसावलेला भूमापक : विल्यम लॅम्बटन

भूगोल विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला स्थलदर्शक नकाशा नवा नसतो. प्रात्यक्षिकाच्या तासाला तो टेबलावर पसरला की तपकिरी समोच्चरेषा, निळे नाले, तांबडे रस्ते आणि हिरवे जंगल असा सारा मुलूख कागदावर उतरलेला दिसतो. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या जुन्या क्रमांकांप्रमाणे आपले तेल्हारा ५५ सी/१६ या पत्रकात येते. ईशान्येकडचा नरनाळा ७७ रेखांशाच्या किंचित पलीकडे असल्यामुळे शेजारच्या ५५ जी या गटात जातो. तेल्हाऱ्याच्या पत्रकाच्या खालच्या अर्ध्या भागात काळ्या मातीचे सपाट रान आहे, तेथे समोच्चरेषा शोधाव्या लागतात. वर सरकावे तसा सातपुडा सुरू होतो आणि रेषांची अशी दाटी होते की बोट ठेवायला जागा उरत नाही. या दाटीत कुठे कुठे एक इवलासा त्रिकोण असतो, त्याच्या पोटात ठिपका आणि बाजूला उंचीचा आकडा. परीक्षेत त्याला 'त्रिकोणमितीय स्थान' म्हटले की एक गुण मिळतो. हे त्रिकोण प्रथम कोणी मांडले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

नकाशातील डोंगराची प्रत्येक रेषा अखेर अशा एखाद्या त्रिकोणाला टांगलेली असते. भारतात ही त्रिकोणांची साखळी ज्याने घातली, त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. जगातील सर्वोच्च शिखराला नाव मिळाले ते त्याच्या हाताखाली शिकलेल्या जॉर्ज एव्हरेस्टचे. लॅम्बटनच्या नावाचे एखादे टेकाडसुद्धा प्रसिद्ध नाही. त्याची कबर आहे ती आपल्या विदर्भात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला. विदर्भातच विसावलेल्या या माणसाचे चरित्र आपल्या अंकात असावे, एवढ्यासाठी हा लेख.

लॅम्बटनचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थअ‍ॅलर्टन गावाजवळ, १७५३ ते १७५६ च्या दरम्यान झाला. घरची स्थिती बेताची होती. गावच्या शाळेत त्याच्या गणिताच्या बुद्धीकडे वडीलधाऱ्यांचे लक्ष गेले आणि त्या बळावर १७८१ साली त्याला सैन्यात सर्वांत खालच्या दर्जाचे अधिकारपद मिळाले. पुढे ३३ व्या पलटणीबरोबर तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गेला. ते युद्ध इंग्रज हरले. मग कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात त्याने बराकींच्या देखरेखीचे काम पत्करले आणि तेथेच सुमारे तेरा वर्षे काढली. आयुष्यातील उमेदीची ही वर्षे त्याने जमिनीची मोजणी आणि गणिताचे ग्रंथ यांच्या संगतीत घालविली. माणसांत मिसळण्याची सवय या एकांतात मोडली ती कायमचीच. तो मितभाषी झाला, मेजवान्यांत अवघडून बसू लागला. चाळिशी उलटली तरी हुद्दा लेफ्टनंटचाच होता. अशा माणसाच्या हातून काही मोठे काम होईल असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर लोक हसलेच असते.

१७९६ च्या सुमारास तो पलटणीत परतला आणि पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. पलटणीचा प्रमुख होता कर्नल ऑर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूवर नेपोलियनचा पराभव करून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेला. तेल्हाऱ्याच्या वाचकांना या वेलस्लीची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्याच तालुक्यातील अडगावच्या माळावर त्याने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड केला आणि लगेच १५ डिसेंबरला गाविलगड सर केला. इंग्रजांच्या पुस्तकांत ही 'आरगावची लढाई' म्हणून येते, त्यामुळे आपल्याच गावाचे नाव आपल्याला ओळखू येत नाही, ही गोष्ट निराळी. याच वेलस्लीच्या ओळखीने लॅम्बटनचे नशीब उघडले, कारण वेलस्लीचा वडील भाऊ त्या वेळी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता.

१७९९ साली टिपू सुलतानाविरुद्धच्या अखेरच्या युद्धात लॅम्बटन जनरल बेअर्डच्या दिमतीस होता. श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या काळात एका अंधाऱ्या रात्री बेअर्डची तुकडी एका राईची झडती घेऊन तळाकडे परतत होती. आकाशाकडे पाहत चाललेल्या लॅम्बटनच्या ध्यानात आले की आपण दक्षिणेकडे जायचे ते उत्तरेकडे, म्हणजे थेट शत्रूच्या तोंडी चाललो आहोत. त्याने तसे सांगितले. सेनापतीला ते प्रथम पटले नाही, पण होकायंत्र काढून पाहिले तेव्हा आकाशातले तारे आणि लॅम्बटन दोघेही बरोबर निघाले. तुकडी वाचली. रात्रीच्या आकाशावरून जमिनीवरची आपली जागा ओळखण्याची ही विद्या पुढे त्याच्या सगळ्या कामाचा पाया ठरली.

टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरचा विस्तीर्ण मुलूख कंपनीच्या हाताखाली आला. त्याचे नकाशे हवे होते. कर्नल कॉलिन मॅकेंझी गावे, रस्ते, तलाव, देवळे यांची तपशीलवार पाहणी करू लागला. लॅम्बटनने मात्र वेगळीच योजना पुढे मांडली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सगळे द्वीपकल्प त्रिकोणांनी मोजावयाचे, आणि ते पृथ्वी गोल आहे हे लक्षात धरून. शिवाय दक्षिणोत्तर एक लांबच लांब रेषा मोजून पृथ्वीचा नेमका आकारही ठरवावयाचा. मद्रास सरकारने १८०० मध्ये योजनेला संमती दिली. कंपनी सरकारला पृथ्वीच्या आकाराशी काय कर्तव्य? त्याला हवा होता सारा आणि फौजेच्या वाटा. राज्यकर्त्यांचा हा स्वार्थ झाकण्याचे कारण नाही. नकाशा ज्याच्या हाती, मुलूख त्याच्या हाती, हे अडगावच्या लढाईनंतर वऱ्हाडाला वेगळे शिकवायला नको. परंतु लॅम्बटनच्या मनात मात्र पृथ्वीच्या आकाराचाच ध्यास होता. सरकारी खर्चात त्याने तो बेमालूम बसविला, असे म्हटले तरी चालेल.

आता ही त्रिकोणांची मोजणी म्हणजे काय ते जरा सविस्तर पाहू. तलाठ्याची मोजणी आपण पाहिलेली असते. साखळी टाकावी, खुंट्या मोजाव्या, तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा. धुऱ्याची भांडणे मिटवायला हे पुरेसे आहे. पण दोनशे मैल साखळी टाकीत गेलो तर वाटेत नदी येते, डोंगर येतो, जंगल येते, आणि प्रत्येक वेळी झालेली तसूभर चूक पुढच्या चुकीत मिळून अखेर मैलांच्या घरात जाते. म्हणून युक्ती अशी की एकच रेषा जमिनीवर जिवापाड काळजीने मोजावयाची, तिला पायारेषा म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे दुर्बिणीने पाहून कोन मोजावयाचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. निघालेली बाजू ही पुढच्या त्रिकोणाची पायारेषा. असे टेकडीवरून टेकडीवर उड्या मारीत जावयाचे. पुढे कित्येक मैल जमिनीवर साखळी टाकण्याची गरजच नाही.

लॅम्बटनची साखळी पोलादी होती, शंभर फुटांची, अडीच फुटांच्या चाळीस दुव्यांची. तिचाही एक इतिहास आहे. इंग्लंडच्या वकिलाने चीनच्या बादशहाला नजर करावयाच्या वस्तूंत ती नेली होती. बादशहाने त्या यंत्रांची पर्वा केली नाही आणि ती हिंडतफिरत कलकत्त्यास विक्रीला आली. चीनच्या दरबारात नापसंत ठरलेल्या साखळीने भारत मोजला गेला! कोन मोजण्याचे मोठे यंत्र, थिओडोलाइट, लंडनच्या कॅरी नावाच्या कारागिराने घडविले होते. त्याची तबकडी तीन फूट व्यासाची आणि वजन सुमारे अर्धा टन. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी वाटेत पकडले आणि यंत्र मॉरिशसला नेले. इंग्रज-फ्रेंचांचे हाडवैर, तरी तेथील फ्रेंच गव्हर्नराने ते शास्त्राचे साधन आहे हे जाणून मद्रासला सन्मानाने पोचते केले. विद्येच्या बाबतीत शत्रूनेही असा दिलदारपणा दाखवावा, हे आजच्या जगाकडे पाहता नवलाचे वाटते.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पायारेषेची मोजणी सुरू झाली. भारतीय सर्वेक्षणाच्या इतिहासात हा दिवस आरंभदिन मानला जातो. रेषेची लांबी सुमारे साडेसात मैल. एप्रिल-मेच्या मद्रासी उन्हात पोलाद तापून लांबते, सकाळी गार होऊन आखडते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, तिवईवर समपातळीत धरून, जवळ उष्णतामापक लावून प्रत्येक वेळी तापमान टिपले जाई आणि तेवढी दुरुस्ती हिशेबात धरली जाई. साखळी उचलून पुढे ठेवावी, पुन्हा ताण द्यावा, पुन्हा पाहावे, असे चारशे वेळा. कंटाळा हा शब्द ज्याच्या कोशात नाही त्यानेच करावे असे हे काम आहे. १८०४ साली बंगलोरजवळ दुसरी पायारेषा मोजली गेली. मद्रासहून त्रिकोण जोडीत आल्यावर गणिताने तिची जी लांबी निघाली आणि साखळीने प्रत्यक्ष जी भरली, त्यांत फरक पडला पावणेचार इंचांच्या आत. मध्ये दीडशेहून अधिक मैलांचे अंतर, डोंगर, दऱ्या! हे वाचून आपल्या गावातील एखाद्या शेताची दोनदा झालेली मोजणी आठवली तर वाचकांनी राग मानू नये.

या मोजणीचा पहिला परिणाम राज्यकर्त्यांना गोड लागला नाही. मद्रासपासून मंगळूरपर्यंत द्वीपकल्पाची रुंदी चारशे मैल धरली जात होती. ती भरली सुमारे तीनशे साठ. म्हणजे जुन्या नकाशांवरचा चाळीस मैलांचा मुलूख अस्तित्वातच नव्हता. मेजर रेनेल हा त्या काळचा नामांकित नकाशाकार; त्याची आणि त्याच्या चाहत्यांची नाराजी ओढवली. मद्रासच्या हिशेबी अधिकाऱ्यांपैकी एकाने तर असा शेरा मारला की श्रीरंगपट्टणला जावयाचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगावे, ते नेतात, त्यासाठी एवढ्या खर्चाच्या नकाशाची गरज काय? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. आजही प्रयोगशाळेसाठी पैसे मागणाऱ्याला याच वळणाची उत्तरे मिळतात. लॅम्बटनने वाद घातला नाही. आपली गणिते व्यवस्थित लिहून तो वरिष्ठांकडे आणि विद्वत्सभांकडे पाठवीत राहिला. लेफ्टनंट वॉरन आणि लेफ्टनंट केटर हे त्याचे आरंभीचे साहाय्यक. मद्रासच्या सर्वेक्षण शाळेतून आलेला जोशुआ डी पेनिंग हा अँग्लो-इंडियन तरुण तर त्याच्याजवळ शेवटपर्यंत राहिला.

आता डोंगरांच्या उंचीविषयी. त्रिकोणाने अंतर कळले आणि यंत्राने शिखराकडे पाहताना दृष्टी किती वर उचलावी लागते तो कोन कळला, की उंची निघाली असे आपल्याला वाटते. पण पृथ्वी वाकलेली आहे. एका मैलावर हा बाक जेमतेम आठ इंचांचा. तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो, म्हणून तीस मैलांवर तो सहाशे फूट होतो! म्हणजे तीस मैलांवरून दिसणारे शिखर सहाशे फूट बुडालेले असते. उलट हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतो आणि शिखर आहे त्याहून वर उचललेले भासते. सकाळी एक उंची, दुपारी दुसरी. मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीजही १८० अंश भरत नाही. गोल पृष्ठभागावर ती किंचित जास्त येते, दर सुमारे ७६ चौरस मैलांच्या क्षेत्राला एक विकला. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग! हे सगळे तपासून, दुरुस्त करून, सात आकडी लॉगरिथमच्या कोष्टकांनी, कंदिलाच्या उजेडात, तंबूत बसून आकडेमोड चाले. डोंगराचा नकाशा डोंगरावर जितका होतो तितकाच तो कागदावर होतो.

लॅम्बटनच्या काळी समोच्चरेषांची पद्धत आपल्याकडे रुळलेली नव्हती. चढाच्या दिशेने काढलेल्या केसांसारख्या बारीक रेघांनी चित्रकार डोंगर दाखवीत. ते नकाशे दिसायला सुंदर असत, पण अमुक ठिकाण अमुक फूट उंच हे त्यांवरून कळत नसे. पुढे एक इंचास एक मैल या प्रमाणावरचे नकाशे निघाले, त्यांत पन्नास-पन्नास फुटांवर रेषा आल्या. आताच्या पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या पत्रकांवर साधारणतः वीस मीटरांवर रेषा असते. मोजणीदार पाठीवर फळा घेऊन डोंगर चढे, तिवईवर फळा मांडे, दिसणाऱ्या दोन-तीन त्रिकोणमितीय स्थानांवरून आपली जागा ठरवी आणि समोरचा उतार पाहत पाहत रेषा ओढी. ती स्थाने आधी पक्की नसती, तर त्याच्या फळ्यावरचा डोंगर हवेत लोंबकळला असता. मेळघाटातील वैराटची उंची ११७८ मीटर असे आपण आज सहज लिहितो, त्या आकड्याच्या मुळाशी ही परंपरा आहे.

दक्षिणेत तंजावरकडे गेल्यावर निराळीच अडचण आली. तेथे डोंगरच नाहीत. सपाट भातशेतीत उंच काय ते देवळांचे शिखर. म्हणून १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या दोनशे फुटांहून उंच शिखरावर ते अर्ध्या टनाचे यंत्र दोरखंडांनी चढविण्याचे ठरले. वर जाता जाता आधाराचा दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. ज्या तबकडीवर अंशाचे हजारावे हिस्से वाचायचे ती वाकली. दुसरा कोणी असता तर त्याने सरकारकडे नवे यंत्र मागितले असते आणि ते येईपर्यंत दोन-तीन वर्षे स्वस्थ बसला असता. लॅम्बटनने तंबूत स्वतःला कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ती तबकडी केसाकेसाने ओढून मूळ आकारावर आणली. त्याच्या चरित्रातील सगळ्या प्रसंगांत मला हा सर्वांत मोठा वाटतो. लढाईतले शौर्य पाहायला चारचौघे असतात, इथे तंबूच्या आत कोणी नव्हते. हेच दुरुस्त झालेले यंत्र पुढे कित्येक वर्षे वापरात राहिले.

यानंतरची दहा-बारा वर्षे झपाट्याने सांगता येतील, कारण काम तेच होते, फक्त मुलूख बदलत गेला. कन्याकुमारीजवळच्या पुन्नै या ठिकाणापासून निघालेली दक्षिणोत्तर रेषा बंगलोर, गुत्ती करीत १८१५ पर्यंत निजामाच्या राज्यात बिदरच्या बाजूला आली. १८१८ मध्ये हे काम मद्रास सरकारकडून काढून थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत घेण्यात आले आणि त्याला 'भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण' असे नाव मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले, फ्रेंच विज्ञान अकादमीनेही त्याचा सन्मान केला. पण हे कौतुक समुद्रापलीकडचे. इथे तो तंबूत राहणारा, खोकणारा म्हातारा होता.

त्याच्याबरोबर हिंडणाऱ्यांचे काय? या काफिल्यात निशाणे धरणारे, ओझी वाहणारे, साखळी ओढणारे, झाडे तोडून दृष्टीची वाट मोकळी करणारे कितीतरी देशी खलाशी आणि शिपाई होते. उन्हाळ्यात हवा धुळीने गढूळ होते, दूरचे निशाण दिसत नाही. पाऊस पडून गेला की आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि पन्नास मैलांवरची टेकडी हाताला लागेलशी दिसते. म्हणून मोजणीची खरी वेळ पावसाळ्याची, आणि जंगलातील तापाचीही वेळ तीच. १८१९ मध्ये गोदावरी-कृष्णेच्या मधल्या जंगलात जॉर्ज एव्हरेस्टसह बहुतेक साऱ्या तुकडीला तापाने गाठले आणि त्यातले कित्येक दगावले. एव्हरेस्टला पुढच्या वर्षी हवापालटासाठी आफ्रिकेच्या टोकाला जावे लागले. ज्यांना आफ्रिकेला जाता येत नव्हते, त्यांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत. गावकऱ्यांच्या मनातही संशय असे. टेकडीवर चढून, दुर्बीण लावून हा गोरा काय पाहतो? आपल्या वाड्याच्या चौकात तर नाही? दुर्बिणीत सारे उलटे दिसते म्हटल्यावर तर शंकेला आणखी खाद्य मिळे. गावोगावची ही भीती अगदीच वेडगळ होती असे मला वाटत नाही. मोजणाऱ्याच्या मागून सारा वसूल करणारा येतो, हा अनुभव नवा नव्हता.

एव्हरेस्ट १८१८ मध्ये लॅम्बटनचा साहाय्यक म्हणून नेमला गेला तेव्हा लॅम्बटनने साठी ओलांडली होती. उंच, हाडापेराने मजबूत असा हा वृद्ध एरवी थकलेला दिसे, पण थिओडोलाइट लावावयाची वेळ आली की त्याच्या अंगावरची वर्षे गळून पडत, असे एव्हरेस्टने नमूद करून ठेवले आहे. त्याने रीतसर लग्न केले नाही, मात्र त्याचा संसार आणि मुलेबाळे याच देशातली. मायदेशी परत जाण्याचा विचार त्याने केलेला दिसत नाही. सुमारे १ लक्ष ६५ हजार चौरस मैलांचा प्रदेश त्याच्या त्रिकोणांखाली आला होता, आणि रेषा उत्तरेला सरकतच होती.

अशा रीतीने ही रेषा वऱ्हाडात आली. अचलपूरच्या बाजूचे, इंग्रजी अहवालांत 'टाकलखेडा' म्हणून येणारे ठिकाण तिच्यावरील एक महत्त्वाचे स्थान ठरले. अक्षांश सुमारे २१ अंश ६ कला. तेल्हारा साधारण त्याच अक्षांशावर, पाऊण-एक अंश पश्चिमेला आहे. समोर सातपुडा आडवा. आतापर्यंत डोंगर हे पाहण्याच्या सोयीचे उंचवटे होते. इथे डोंगर स्वतःच गणितात लुडबुडू लागला. ताऱ्यांवरून अक्षांश काढताना ओळंबा सरळ पृथ्वीच्या मध्याकडे लटकतो असे धरावे लागते. पण शेजारी पर्वताची प्रचंड रास असेल तर ती ओळंब्याला आपल्याकडे ओढते. टाकलखेड्याच्या ओळंब्यावर उत्तरेकडच्या या पठाराचा ओढा पडत असावा, असा विचार एव्हरेस्टला पुढे करावा लागला. अशाच प्रश्नांतून नंतर हिमालयाच्या पायथ्याशी ओळंब्याचे कोडे पडले, आणि पर्वतांच्या मुळाशी काय असते याविषयी १८५५ च्या सुमारास नवे सिद्धांत मांडले गेले.

१८२२ संपता संपता लॅम्बटनने आपले मुख्य ठाणे हैदराबादहून नागपूरला हलविण्याचे ठरविले. रेषा उत्तरेला गेली, तसे घरही उत्तरेला जावे. फुप्फुसाच्या विकाराने तो पोखरला होता, तरी बैलगाड्या, तंबू आणि यंत्रे घेऊन काफिला निघाला. वाटेत हिंगणघाटच्या मुक्कामी २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा अंत झाला. वय सत्तरीच्या आसपास. नागपूर तेथून जेमतेम चार-पाच मजलांवर होते. तेथेच त्याला पुरले. हैदराबाद, मद्रास, कलकत्ता अशा राजधान्यांत त्याचे स्मारक झाले असते. नशिबात आले ते वणा नदीकाठचे एक कापसाचे गाव.

त्याच्या पथकात डॉक्टर व्हॉयसी नावाचा वैद्य होता, त्याला दगडांचा नाद. लॅम्बटनच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८२३ मध्ये, त्याला गाविलगडच्या डोंगररांगेत दगड बनलेले शिंपले सापडले. आपल्या सातपुड्यातील काळ्या फत्तराच्या थरांमध्ये जुन्या जलाशयांचे अवशेष दडलेले आहेत, ही माहिती जगापुढे येऊ लागली ती अशा शोधांतून. हा लाभ लॅम्बटनच्या मोजणीबरोबर आलेला, वाटेत पडलेल्या शिदोरीसारखा.

लॅम्बटनच्या जागी एव्हरेस्ट आला. दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर. लॅम्बटन सहनशील, एव्हरेस्ट तापट आणि शिस्तीचा कडवा. लॅम्बटनच्या जुन्या माणसांपैकी काहींचे त्याच्याशी पटले नाही, डी पेनिंगनेही नोकरी सोडली, तो पुन्हा कामावर आला तो कित्येक वर्षांनी. पण एव्हरेस्टने रेषा सोडली नाही. १८२३-२४ मध्ये वऱ्हाडच्या खोऱ्यातून पुढे जाताना त्याचे अंग इतके लुळे पडले होते की आकाशवेधाच्या यंत्रापाशी बसविण्यास आणि तेथून उठविण्यास दोन माणसे लागत, स्क्रू फिरवितानाही त्याचा हात कोणीतरी धरावा लागे. त्या स्थितीत तो सातपुडा ओलांडून सिरोंजपर्यंत पोचला. पुढे १८४१ मध्ये ही रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पूर्ण झाली. तिच्याच आधाराने राधानाथ सिकदार आदी गणितज्ञांनी आकडेमोड केली, १८५६ मध्ये 'पंधराव्या' शिखराची २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली आणि एव्हरेस्टचे नाव सुचविले गेले. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे, म्हणजे २९,०३१ फुटांहून थोडी अधिक. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या आकड्यात आणि यात फरक तीस फुटांच्या आतबाहेर.

लॅम्बटनने दक्षिणेत मोजलेले त्रिकोण पुढे १८६० नंतरच्या काळात अधिक चांगल्या यंत्रांनी पुन्हा मोजण्यात आले. त्याच्या पायारेषांची टोके शोधीत नवे लोक त्याच टेकड्यांवर चढले.